शुक्रवारची घोळ

"तुमचे सासरे माझ्या अंगणात गुडघे टेकून काहीतरी उपटत होते," मिसेस डॉयल आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आणि उपटलेलं त्यांनी खिशात घातलं."

मी एका हातानं चौकट धरली होती, दुसऱ्या हातात प्लास्टिकचं घमेलं होतं. त्या दिवसांत घमेलं माझ्याबरोबर घरभर फिरायचं. मिसेस डॉयलनी माझ्याकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज जरा उतरला.

"मला तक्रार करायची नाही. पण मी तिथं तणाचं औषध फवारलंय. विष आहे ते. त्यांना सांगाल ना?"

सांगते म्हटलं, माफी मागितली, दार लावलं. थोड्या वेळानं मामाजी मागच्या दारानं आत आले. मामाजी म्हणजे माझे सासरे, गुलाबराव मोहोड. दर्यापूरच्या एस.टी. डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून उभं आयुष्य नोकरी केलेला माणूस. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, आणि धोतराच्या गुडघ्यांवर डॅलसची काळी माती.

"कुठं गेला होतात, मामाजी?"

"फिराले."

"आणि गुडघ्यांना माती?"

"बसलो होतो जरा," म्हणाले आणि थेट न्हाणीघरात. आतून कितीतरी वेळ हात धुतल्याचा आवाज येत राहिला. खिशात काय होतं ते मला काही दिसलं नाही.

मी जे सांगतेय त्याला बरीच वर्षं झाली. आम्ही तेव्हा डॅलसजवळच्या कॅरोल्टनमध्ये राहायचो. एका बाजूला कोरियन, दुसऱ्या बाजूला मेक्सिकन, मागच्या गल्लीत तेलुगू, अधूनमधून मिसेस डॉयलसारखी जुनी मंडळी, असं ते गाव. माझी तिसरी खेप होती. आधी दोनदा राहिलं नव्हतं. म्हणून ह्या वेळी माझ्या नवऱ्यानं, निरंजनानं, आणि मी ठरवलं होतं की चौथा महिना लागेपर्यंत कुणालाच सांगायचं नाही. फक्त माझ्या आईला सांगितलं, कारण तिच्यापासून लपवणं मला ह्या जन्मात जमलेलं नाही. मामाजी घरातच होते, पण त्यांनाही सांगितलं नाही. सासूबाई गेल्यावर ते पहिल्यांदाच एकटे आले होते, उगाच जिवाला घोर कशाला.

आणि पोटात काही ठरत नव्हतं. पाणीसुद्धा उलटून पडायचं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, वजन आणखी उतरलं तर इस्पितळात दाखल व्हायचं, आणि मग बाळाचं काही सांगता येणार नाही. निरंजन ऑफिसातून दर जेवणानंतर फोन करायचा आणि एवढंच विचारायचा, "राहिलं का?" मी म्हणायची, "नाही."

खरं सांगू? मला एकाच गोष्टीची वासना होती. आईच्या हातचं घोळीचं कालवण. घोळ म्हणजे आमच्या मुरूडच्या समुद्रातला राजा मासा. मी कोळीवाड्यातली पोर. पण मोहोड घराणं महानुभाव पंथाचं. मामाजींनी तरुणपणीच उपदेश घेतलेला, म्हणजे मांस, मासळी, दारू जन्माचं वर्ज्य. लग्नाच्या वेळी मी आपणहून शब्द दिला होता, मामाजी घरात असतील तेव्हा मासळी घरात शिजणार नाही. ते आले की माझी माशाची कढई गॅरेजमध्ये जायची. ह्या वेळीही गेली होती. आता डोहाळे लागले म्हणून शब्द फिरवायचा? आणि ज्याला बातमीच दिलेली नाही त्याला डोहाळे सांगायचे तरी कसे? मग मी मनातल्या मनात कालवण खायची आणि घमेल्यावर वाकायची.

मिसेस डॉयल येऊन गेल्या आणि मामाजींची चाल बदलली. निरंजनाची गाडी वळणाआड गेली की हे कापडी पिशवी घेऊन बाहेर. टेक्सासच्या त्या उन्हात रस्त्यानं पायी चालणारं दुसरं माणूस दिसायचं नाही. दुपारी परत यायचे ते घामानं निथळत.

"मामाजी, एवढ्या उन्हात जाता कुठं?"

"बस पाहून येतो. इथली बस कोठी कोठी जाते ते पाहाले नोको?"

"पिशवी घेऊन बस पाहता?"

"हात रिकामे बरे नाही वाटत, बाई."

असली उत्तरं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलायला लागला की लगेच कळतं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

एका दुपारी ते आले आणि पिशवी दाराशी ठेवून पाणी प्यायला गेले. मी सोफ्यावर आडवी होते. वास आला. मासळीचा! मला आधी वाटलं, भास असेल. पण कोळ्याच्या पोरीचं नाक, त्यात पोटुशी. हिंग फोडणीत पडायच्या आधी मला कळायचा. मी उठून पिशवी हुंगली. आत काही नव्हतं, पण कापडात वास बसला होता, बर्फातल्या मासळीचा ओलसर वास. मामाजी स्वयंपाकघरातून बाहेर आले, पिशवी माझ्या हातात पाहिली, आणि ती घेऊन गेले. नळाखाली धुतली, मागच्या अंगणात वाळत घातली. साबण लावून!

संध्याकाळी मी निरंजनाला सांगितलं. तो हसायला लागला.

"बाबा आणि मासळी? अगं, केकात अंडं होतं कळल्यावर त्यांनी तीनदा चूळ भरली होती."

"मग पिशवीला वास कसला?"

"दर्शना, तुला सध्या सगळ्यालाच वास येतो."

"आणि लोकांच्या अंगणात रांगतात, ते?"

तेव्हा मात्र त्यानं हसणं आवरलं. मग हळूच म्हणाला, "मला वेगळीच भीती वाटते. आई गेल्यापासून ते बदललेत. हे विसरण्याचं दुखणं तर नसेल? रस्ता चुकले तर? खापर्ड्यांचं कुटुंब पुढच्या आठवड्यात नागपूरला चाललंय. त्यांच्या सोबतीनं पाठवून देऊ का? तुझ्याकडे बघू की त्यांच्याकडे?"

मला विसरण्याचं दुखणं वगैरे पटलं नाही. मामाजींच्या डोळ्यांत विसर नव्हता, लपवाछपवी होती.

दोनच दिवसांनी सकाळी ते फोनवर बोलत होते, दर्यापूरला, बहिणीशी. त्यांचा फोनवरचा आवाज म्हणजे डेपोतली घोषणा. अमेरिकेतून बोलायचं म्हणून आणखी मोठा. त्या दिवशी मात्र कुजबुजत होते. मी जिन्यात थांबले.

"सापडली ना वं, अनसे, सापडली! घोळ सापडली... नाही, काल संपली होती. शुकरवारी येते म्हणे, ताजी... हो, घेतो. पण कोणाले बोलू नोको. पोरीले तं पत्ताच लागू देऊ नोको."

घोळ! मी जिन्यातच खाली बसले. मी ज्या घोळीसाठी तळमळतेय, ती घोळ हा माणूस गुपचूप खाऊन येतो? आणि मी ह्याच्या उपदेशापायी कढई गॅरेजमध्ये टाकून उपाशी मरतेय? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, हे तर धोतर नेसून पीत होतं.

उरलासुरला संशय त्यांच्या सदऱ्यानं फेडला. कपडे मशीनला लावताना खिसा चाचपला, तर बोटांना काहीतरी टणक लागलं. बाहेर काढलं. पांढराशुभ्र, एका बाजूनं फुगीर, चिंचोक्याएवढा खडा.

दुसऱ्या कुणाला तो नदीतला गारगोटा वाटला असता. माझ्या आईकडे असल्या खड्यांचा डबा होता. घोळीच्या डोक्यात दोन खडे असतात. लहानपणी आम्ही भावंडं डोक्यासाठी भांडायचो ते खड्यांसाठीच. डोकं चोखत चोखत खाल्लं की शेवटी दाताखाली कट्‌ होतं आणि खडा हातात येतो. आता मला सांगा, माशाच्या डोक्यातला खडा उपदेशी माणसाच्या खिशात कसा येतो? चालत?

मी निरंजनाला काही बोलले नाही. तो हसला असता, किंवा तिकीट काढून मोकळा झाला असता. मला तिकीट नको होतं. मला त्यांना हातात घोळ असताना धरायचं होतं आणि विचारायचं होतं, मामाजी, माझ्या जिवापेक्षा तुमचं सोंग मोठं होतं का?

शुक्रवार उजाडला. मामाजींनी अंघोळ केली, देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले, पिशवी घेतली आणि निघाले. मी घमेलं शेजारच्या सीटवर ठेवलं आणि गाडी काढली. बस पुढे, मी मागे. बसच्या मागच्या काचेतून उपरणं दिसत होतं.

जोसी लेनपाशी ते उतरले. मी त्या चौकातून इतक्यांदा गेले होते, पण आमचं वाणसामान म्हणजे तेलुगू दुकान आणि हमरस्त्यावरचं मोठं चकचकीत मार्केट. ह्या जुन्या दुकानांच्या रांगेत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मामाजी मात्र दर्यापूरच्या बाजारात फिरावं तसे चालले होते. कोरियन दुकानाबाहेर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती, तिनं ह्यांना मान लववली. पुढे एल साल्वादोरची एक बाई तव्यावर जाड भाकऱ्या थापत होती, ती ओरडली, "सेन्योर गुलाब!" ह्यांनी हात जोडले, "दंडवत, बाई, दंडवत." मी गाडीच्या आड उभी राहून बघत होते. ह्या माणसानं सगळं गावच वसवलं होतं इथं, आणि घरात म्हणे बस पाहून येतो!

रांगेच्या टोकाला मेक्सिकन बाजार होता, पाटीवर लाल कोंबडा. आत शिरले, तर समोर भाज्यांच्या राशी, मिरच्यांचे ढीग, छताला टांगलेली केळी. मामाजी एका टोपलीपाशी थांबले. लालसर देठांची, जाड पानांची कसली तरी पालेभाजी होती. तिची एक जुडी पिशवीत घातली. मग सरळ आत, मागच्या बाजूला. तिथं बर्फ पसरला होता आणि बर्फावर मासळी.

उपदेशी मामाजींनी उपरणं नाकाला लावलं. पण हटले नाहीत. मासळीवाला ह्यांना बघताच हसला, एक मोठा, रुपेरी मासा शेपटीला धरून उचलला आणि म्हणाला, "कोर्विना! शुक्रवार, मी सांगितलं होतं ना?"

"मामाजी!"

ते वळले. मला वाटलं होतं, चेहरा पडेल. त्यांचा चेहरा पडला नाही, उलट रागावले.

"तू काहून आली? गाडी चालवत आली? अशा अवस्थेत?"

"अशा म्हणजे कशा?" मी म्हणाले. आवाज इतका चढला की पलीकडची बाई वळून बघायला लागली. "आणि तुम्ही काय करताय इथं? मी सगळं ऐकलंय, मामाजी. घोळ सापडली, पोरीला पत्ता लागू देऊ नको. हे बघा!" मी खडा त्यांच्यापुढे धरला. "कोळ्याची पोर आहे मी. हा खडा खिशात कसा येतो ते मला शिकवू नका. खायचं होतं तर उजळ माथ्यानं खायचं होतं. मी रांधून वाढलं असतं! मी तुमच्यासाठी माझी कढई गॅरेजमध्ये टाकली, आणि तुम्ही..."

मामाजी उपरण्याआडून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं मी काय समजले ते, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अवं माय, मी कशाले खातो! हे तुह्यासाठी हाय."

"माझ्यासाठी?"

"त्या दिवशी दुपारी तू गुंगीत पडली होती. 'आई, घोळ दे, घोळ दे' म्हणत होती. मले वाटलं, आपली घोळची भाजी मागून रायली." त्यांनी पिशवीतली जुडी वर काढली. "हे पाह्य. आमच्याकडे धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, आपोआप उगवते. म्हटलं, एवढंच ना! त्या गोऱ्या बाईच्या अंगणात दिसली, तं मेलीनं फवारा मारून ठेवलेला. हातवारे करकरून सांगतलं तिनं. फेकून देली. मंग बस धरली, हिंडलो, तं इथं हे टोपलंभर! ही भाजीवाली बाई तिले बेर्दोलागास म्हणते. म्हणू दे."

"मग हा खडा?"

"सांगतो ना. तू घोळ डाळीतली खाते का ताकातली, हे कोणाले इचारू? तुह्या मायले फोन लावला. म्हटलं, इहीणबाई, तुमच्या पोरीले घोळमंदी डाळ कोणती लागते? तं त्या हसूनच रायल्या. म्हणे, अवो, घोळीत कुणी डाळ घालतं का, ती मासोळी हाय!" मामाजींनी उपरणं पुन्हा नाकाला लावलं. "मंग मी एक दिवस इचार करत बसलो."

तो एक दिवस मला आठवला. ते दिवसभर मागच्या अंगणात खुर्चीवर बसून होते, जेवायलाही आत आले नव्हते.

"मले मासोळीतलं काय समजते? त्या म्हणे, खरी घोळ त्या समुद्रात नसन, पण तिची भावकी असन. डोक्यात दोन पांढरे खडे निघाले की समजा त्याच कुळातली. मंग ह्या पोराले रोज एकेक डोकं फोडाले लावलं. त्यानं मले येडाच समजला पयले. त्या दिवशी ह्या जातीचं एक डोकं उरलं होतं, बाकी समदी संपली होती. त्याच्यात हा खडा निघाला. दुसरा त्याच्या पोरीनं ठेवून घेतला."

मासळीवाल्याला आमचं अक्षरही समजत नव्हतं, पण खडा बघून त्याला काय हवं ते समजलं. त्यानं सुरा घेतला.

"तूच पाह्य," मामाजी तोंड फिरवून म्हणाले. "मले पाहवत नाही."

मी वाकून पाहिलं. दोन पांढरे खडे, अगदी आईच्या डब्यातले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी मासळीच्या बर्फावर वाकले होते आणि मला मळमळत नव्हतं. घमेलं गाडीतच राहिलं होतं. मला रडू फुटलं, भर बाजारात, कोळंबीच्या ढिगासमोर.

"रडू नोको. रडाचं काय त्याच्यात?"

"मला सांगायचं तरी, मामाजी."

"तुम्ही मले सांगतलं होतं?"

मी हातातला खडा चाचपत राहिले.

"तुम्ही सांगतलं नाही, म्हणून मीबी इचारलं नाही. चार लेकरांचा बाप हावो, घमेलं कशाचं हाय ते समजत नाही काय मले? तुह्या सासूनंबी असेच घमेले भरले. पण दोन डाव तसं झालं होतं. म्हटलं, आपल्या तोंडून शब्द नोको निघाले. डोहाळे पुरवाचे, बोभाटा नाही कराचा."

"पण तुमचा उपदेश? तुम्ही मासळीला हात लावणार?"

"उपदेश मी घेतला," मामाजी म्हणाले. "पोटातल्यानं कुठं घेतला अजून?"

मासळीवाल्यानं तुकडे बांधून दिले. पुडी मी घ्यायला लागले, तर मामाजींनी मला घेऊ दिली नाही. उपरण्याच्या टोकात धरून, हात शरीरापासून लांब ठेवून, त्यांनी ती स्वतः गाडीपर्यंत आणली. जाताना वाटेत चिंचा घेतल्या, नारळ घेतला. तव्यावरच्या बाईनं माझ्याकडे बघून स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि मामाजींकडे बघून भुवया उंचावल्या. मामाजींनी मान हलवली. म्हणजे ह्या रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं! चौथ्या महिन्यापर्यंत कुणाला सांगायचं नव्हतं, ते अख्ख्या जोसी लेनला माहीत होतं.

गाडीतून मी निरंजनाला फोन केला. "खापर्ड्यांना सांग, बाबा येत नाहीत."

घरी आल्यावर मामाजी आधी गॅरेजमध्ये गेले. माझी कढई घेऊन आले, दाराशी ठेवली आणि म्हणाले, "आता मी बाहेर बसतो. तुह्यं आटपलं की आवाज दे." आधी त्यांची घोळ मीच शिजवली, वेगळ्या पातेल्यात, ते सांगत गेले तशी, तुरीच्या डाळीत, लसणाच्या फोडणीत. घोळ-भाकरीचं ताट त्यांना मागच्या अंगणात नेऊन दिलं. मग मी मासळीला हात लावला.

ओलं खोबरं, मिरची, चिंचेचा कोळ. आईला फोन लावून ठेवला होता, ती तिकडून ओरडत होती, "डाव मारू नको गो, तुकडा मोडेल, कढई हलव!" वास सुटला आणि मला भूक लागली. भूक म्हणजे काय ते मी विसरले होते. भात कालवला आणि ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्लं. घोळीची सर त्याला नव्हती हे खरं, पण भावकीतलीच होती.

मग मी ओट्याला धरून उभी राहिले, वाट बघत. नेहमी जेवण होऊन श्वास घेतला की पोट उलटायचं. घड्याळाकडे पाहिलं नाही. मागची खिडकी उघडी होती. बाहेर मामाजी माझ्याकडे पाठ करून, समुद्र नाही, नदी नाही, नुसत्या मिसेस डॉयलच्या कुंपणाकडे बघत बसले होते. ताट मांडीवर होतं तसंच होतं, त्यांनी घासाला हात लावला नव्हता.

खूप वेळानं त्यांनी मागे न वळता विचारलं, "राह्यलं काय वं?"

मी पोटावर हात ठेवला.

"राहिलं, मामाजी."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि भाकरीचा तुकडा मोडला.